स्वस्त हेलिकॉप्टरचा हिशोब : रॉबिन्सन आर-२२ ची गोष्ट

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजची सुरुवात एका कॅसेटपासून.

२९ जून १९९२. कॅलिफोर्नियातलं रिचमंड शहर. दोन सीटचं एक छोटं हेलिकॉप्टर शिकवणीच्या उड्डाणावर निघालंय. आत एक अनुभवी प्रशिक्षक आणि एक नवशिका विद्यार्थी. घरी जाऊन परत ऐकता यावं म्हणून विद्यार्थ्याने छोटा टेप रेकॉर्डर चालू ठेवलाय. आपण कॉलेजात लेक्चर मोबाईलवर रेकॉर्ड करायचो ना, तसंच. टेपवर सगळं नेहमीचं आहे. प्रशिक्षक बोलतोय, शिकवतोय, आणि त्याचं वाक्य मध्येच तुटतं. काहीतरी बिघडतंय असं सांगणारं त्याआधी काहीच नाही. वाक्य तुटतं आणि मग नुसता वाऱ्यासारखा आवाज. हेलिकॉप्टर हवेतच मोडलं होतं. दोघेही गेले.

ते हेलिकॉप्टर होतं रॉबिन्सन आर-२२. तोपर्यंत या मॉडेलचे असे बरेच अपघात झाले होते, ज्यात वरचं फिरणारं पातं स्वतःच्याच हेलिकॉप्टरच्या शरीरावर येऊन आदळलं होतं. पण आत काय चाललं होतं हे सांगायला मागे कुणी उरत नसे, त्यामुळे पायलटने काहीतरी चूक केली असणार, असं म्हणून फाइल बंद व्हायची. या टेपमुळे पहिल्यांदाच प्रश्न जोरात विचारला गेला : चूक नक्की कुणाची?

मला हा प्रश्न का टोचतो ते पुढे सांगतो. आधी माणूस बघू.

फ्रँक रॉबिन्सन. जन्म १९३०, वॉशिंग्टन राज्यातलं कार्बोनाडो नावाचं कोळसा खाणींचं गाव. नऊ वर्षांचा असताना त्याने पेपरात एक फोटो पाहिला. इगॉर सिकॉर्स्की आपलं व्हीएस-३०० घेऊन जमिनीच्या थोडं वर, हवेत एका जागी थांबलाय. बस्स. पोराने ठरवून टाकलं की आयुष्यभर हेच करायचं. आपल्याकडे नऊ वर्षांचा मुलगा असं म्हणाला तर ‘आधी दहावी कर’ म्हणतात. याने दहावी-बारावी काय असेल ती केली, १९५७ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि खरोखर हेलिकॉप्टरच्याच मागे लागला.

त्याचा रेझ्युमे बघितलात तर आजचा एचआरसुद्धा भुवया उंचावेल. सेस्ना, मग अम्बाव, मग मॅककुलॉक, मग केमन, मग बेल, मग ह्यूज. सोळा-सतरा वर्षांत सहा कंपन्या. जॉब हॉपिंग आपल्या पिढीने शोधलं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नोंदवून ठेवावं. पण प्रत्येक ठिकाणी काम एकच, लहान हेलिकॉप्टरं किंवा त्यांचे भाग. बेलमध्ये तर तो शेपटीकडच्या छोट्या पंख्याचा, म्हणजे टेल रोटरचा, तज्ज्ञ म्हणून ओळखला जायचा.

आणि प्रत्येक ठिकाणी साहेबांसमोर कल्पनाही एकच : सामान्य माणसाला परवडेल असं छोटं, साधं हेलिकॉप्टर बनवूया. उत्तरही एकच, नाही. सैन्याची मोठी कंत्राटं मिळत असताना कोण कशाला दोन सीटच्या खेळण्याच्या मागे लागेल?

१९७३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने ह्यूजची नोकरी सोडली आणि राहत्या घरात कंपनी सुरू केली. हो, सगळ्या स्टार्टअप गोष्टींत असतं तसंच घर. फरक एवढाच की ॲप क्रॅश झालं तर आपण रीस्टार्ट करतो. २८ ऑगस्ट १९७५ ला आर-२२ पहिल्यांदा उडालं आणि चालवत होता स्वतः फ्रँक. कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स विमानतळावर. कंपनी आजही त्याच टॉरन्समध्ये आहे. पुढे एफएएचं प्रमाणपत्र मिळायला मार्च १९७९ उजाडला. साडेतीन वर्षं नुसती टेस्टिंग आणि कागदपत्रं.

आता मशीन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं इथून निघतं.

आर-२२ उघडून बघितलं तर पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे पट्टे. आपल्या पिठाच्या गिरणीत मोटरपासून जात्यापर्यंत रबरी पट्टा जातो, तसेच व्ही-बेल्ट. पिस्टन इंजिन मागे आडवं बसवलेलं, त्याची ताकद पट्ट्यांवरून वरच्या पुलीला जाते, तिथून गिअरबॉक्स, तिथून पातं. इंजिन सुरू करताना पट्टे सैल असतात. पायलट एक स्विच दाबतो, एक छोटी मोटर पट्टे ताणायला लागते आणि डोक्यावरचं पातं हळूहळू फिरायला लागतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसेना. हेलिकॉप्टर, आणि गिरणीचा पट्टा? पण बघा ना, पट्टा हलका, स्वस्त, धक्के पचवतो, आणि खराब झाला तर डोळ्यांना दिसतो.

इंजिन कुठलं? लायकमिंगचं ओ-३२०. सेस्ना १७२ सारख्या साध्या विमानांत याच कुटुंबातली इंजिनं हजारोंनी बसली होती. म्हणजे पार्ट मिळतात, मेकॅनिक मिळतो. वर त्याने ते इंजिन दाबून ठेवलं. १५० हॉर्सपॉवर देऊ शकणाऱ्या इंजिनाकडून १२४ च घ्यायचे. प्रोसेसर कमी क्लॉकवर चालवला की गरम कमी होतो, टिकतो जास्त, तसं.

चालवायची मुख्य दांडी, जिला सायक्लिक म्हणतात, ती बाकी हेलिकॉप्टरांत प्रत्येक पायलटच्या दोन पायांमध्ये असते. म्हणजे दोन दांड्या, दोन जोडण्या. फ्रँकने मध्ये एकच दांडी ठेवली, वर आडवा दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन मुठी. एका जोडणीचं वजन वाचलं, आत शिरायला सोपं. दिसायला विचित्र, पण जमतं.

आणि वरचं पातं. दोनच पाती. बागेतला सी-सॉ आठवा. मध्ये एक बिजागर, एक बाजू वर गेली की दुसरी खाली. आर-२२ ची दोन पाती तशीच मुख्य दांड्यावर, म्हणजे मास्टवर, झुलतात. फ्रँकने त्यात प्रत्येक पात्याला आणखी एकेक बिजागर दिलं, पण मूळ कल्पना सी-सॉचीच. ही काही त्याची एकट्याची नाही. बेल ४७, ज्याला १९४६ मध्ये अमेरिकेतलं पहिलं नागरी हेलिकॉप्टर प्रमाणपत्र मिळालं, त्याचंही तसंच. व्हिएतनाम युद्धाच्या सिनेमांत दिसणारं ह्यूईही तसंच. दोन पात्यांचं गणित सोपं असतं, हब हलका असतो आणि पाती पुढे-मागे करून ठेवली की अरुंद शेडमध्येही मशीन मावतं.

हे सगळं मिळून रिकाम्या मशीनचं वजन किती? चारशे किलोच्याही आत. पूर्ण भरून उडायचं कमाल वजन ६२२ किलो. पेट्रोल आणि दोन धडधाकट माणसं धरून! सुरुवातीची किंमत ४० हजार डॉलरच्या आसपास. लोकांनी उड्या मारल्या. आजवर साडेचार हजारांहून जास्त आर-२२ बनलीत.

इथे मी फ्रँकला मनापासून दाद देतो. आपल्या धंद्यात फीचर वाढवणं सोपं असतं हो. काढून टाकणं अवघड. या माणसाने प्रत्येक नटबोल्टला विचारलं की तू नसलास तर चालेल का? आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने ठणकावून सांगितली पाहिजे. आर-२२ चं मशीन म्हणून रेकॉर्ड चांगलं आहे. इंजिन बंद पडलं, गिअरबॉक्स तुटला, असल्या कारणांनी पडण्याचं प्रमाण कमी. मशीन आपलं काम करतं.

मग पडतात का?

एक अनपेक्षित गोष्ट झाली. फ्रँकच्या डोक्यात गिऱ्हाईक होतं स्वतःचं हेलिकॉप्टर बाळगणारा माणूस. व्यापारी, शेतकरी, हौशी पायलट. प्रत्यक्षात रांग लावली ती शिकवणाऱ्या फ्लाइंग स्कूल्सनी. साहजिक आहे, तासाचा खर्च सगळ्यांत कमी. म्हणजे ज्या मशीनमध्ये प्रत्येक ग्रॅम वाचवलेला, ते गेलं ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दांडी धरली त्यांच्या हातात. आणि शिकवणारेही अनेकदा नुकतेच पास झालेले, तास जमवण्यासाठी शिकवणारे. तिकडे ऑस्ट्रेलियात गुरं हाकायला आर-२२ वापरायला लागले. जमिनीलगत, गर्रकन वळत, दिवसभर. घोड्याचं काम हेलिकॉप्टर करतंय!

आता हलक्या पात्याची गंमत ऐका. घरातला जुना, जड लोखंडी पंखा आठवतो? लाइट गेली तरी बराच वेळ फिरत राहायचा. आणि आताचा हलका पंखा? लाइट गेली की चार गिरक्या आणि खलास. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर पायलट पात्यांचा कोन लगेच कमी करतो, मग खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत राहतात आणि सुखरूप उतरता येतं. पण त्यासाठी तोवर पाती फिरत असायला हवीत. जड पात्याचं हेलिकॉप्टर तुम्हाला विचार करायला थोडा वेळ देतं. आर-२२ मध्ये तुमच्याकडे सेकंद-दीड सेकंद असतो. मोबाईलवर नोटिफिकेशन आलं हे कळायला मला याहून जास्त वेळ लागतो. वेग ठरावीक मर्यादेखाली, साधारण ८० टक्क्यांखाली, गेला की पाती हवा धरणं सोडतात, आणि मग जगातला कुठलाही पायलट काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त कपटी आहे. तिचं नाव मास्ट बम्पिंग.

गाडी घाटात उंचवट्यावरून वेगात गेली की पोटात गोळा येतो ना? क्षणभर वजन नाहीसं झाल्यासारखं. हेलिकॉप्टरमध्ये पायलटने दांडी एकदम पुढे ढकलली किंवा वाऱ्याचा तसा झटका बसला तर हेच होतं. याला लो-जी म्हणतात. नेहमी हेलिकॉप्टर पात्याला लटकलेलं असतं, पिशवी हाताला लटकावी तसं. वजन गेलं की पिशवी लटकलेली उरत नाही. हात कितीही हलवा, पिशवी हाताच्या मागे येणार नाही. पण शेपटीकडचा छोटा पंखा मात्र ढकलतच असतो, आणि तो गुरुत्वमध्याच्या थोडा वर असल्यामुळे आख्खं हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडायला लागतं.

आता सांगा, गाडी उजवीकडे चाललीये, तुम्ही काय कराल? दांडी डावीकडे. कुणीही तेच करेल. दुसऱ्या कुठल्याही क्षणी ते बरोबरच असतं. पण या क्षणी पातं डावीकडे झुकतं, शरीर तरीही उजवीकडेच जात राहतं, आणि सी-सॉचा हब मास्टवर आपटतो. तो फटका मास्ट चेचू शकतो, तोडू शकतो. पातं केबिनमध्ये किंवा शेपटीत घुसतं. बरोबर उपाय काय? आधी दांडी हळूच मागे घ्यायची, वजन पात्यावर परत येऊ द्यायचं, आणि मगच डावीकडे. म्हणजे हेलिकॉप्टर कलंडतंय हे दिसत असताना कलंडण्याकडे दुर्लक्ष करायचं. हे वाचताना सोपं आहे.

हा दोष एकट्या रॉबिन्सनचा नाही, हेही सांगतो. सत्तरच्या दशकात अमेरिकी सैन्याला ह्यूई आणि कोब्रामध्ये हीच डोकेदुखी झाली होती. फक्त ती यंत्रं जड, चालवणारे सैन्यात तयार झालेले. आर-२२ हलकं, चपळ, दांडीला जरासा स्पर्श केला की उत्तर देणारं. सगळंच पटकन होतं.

रिचमंडच्या त्या टेपनंतर अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, एकट्या अपघाताऐवजी असे सगळेच अपघात एकत्र काढून विशेष अभ्यास केला. त्याचा अहवाल १९९६ मध्ये आला. मी तो वाचलाय आणि प्रत्येक इंजिनिअरने वाचावा असं माझं मत आहे. रिचमंडच्या अपघाताचं कारण त्यांनी काय दिलं माहितीये? पातं आपल्या नेहमीच्या फिरण्याच्या पातळीतून बाहेर गेलं, का गेलं ते ठरवता आलं नाही. एवढंच. मला हे फार प्रामाणिक वाटलं. पायलटने दांडी झटकली असेलही, पण पुरावा नाही, तर लिहायचं नाही.

दरम्यान १९९५ मध्ये एफएएने एक अजब गोष्ट केली होती. एका कंपनीच्या दोन मॉडेल्सचं, आर-२२ आणि त्याचा मोठा भाऊ आर-४४ यांचं, नाव घेऊन वेगळा नियमच काढला. एसएफएआर ७३. हे मॉडेल चालवणाऱ्या प्रत्येकाने कमी आरपीएम, लो-जी आणि मास्ट बम्पिंग यांचं खास प्रशिक्षण घ्यायचं. विद्यार्थ्याला एकट्याने आर-२२ उडवण्याआधी प्रशिक्षकाबरोबर त्याच हेलिकॉप्टरमध्ये किमान २० तास हवेत. शिकवणाऱ्यालाही अनुभवाची वेगळी अट. इंजिनचा वेग आपोआप सांभाळणारं गव्हर्नर नावाचं यंत्रही आलं. आज ते बंद ठेवून उडायला मनाई आहे, बिघाड झाला किंवा तशा बिघाडाचा सराव करायचा असला तरच अपवाद.

आणि अपघात कमी झाले. हे मान्य करायलाच हवं. प्रशिक्षणाने फरक पडला. फ्रँक रॉबिन्सनची बाजू कायम हीच होती की मशीन ठीक आहे, नीट शिका, नीट चालवा. तो नुसता बोलून थांबला नाही. १९८२ पासून कंपनीने टॉरन्समध्ये स्वतःचा सेफ्टी कोर्स चालू ठेवलाय. पायलटसाठीच्या पुस्तकात ‘सेफ्टी नोटिस’ नावाची पानंच्या पानं घातली, अगदी सरळ भाषेत : हे करू नका, याने लोक मेलेत. एखादी कंपनी स्वतःच्याच मॅन्युअलमध्ये असं लिहिते तेव्हा तिला फक्त धंदेवाईक म्हणून मोकळं होता येत नाही.

आता मला का टोचतं ते.

काही वर्षांपूर्वी, एका जुन्या नोकरीत, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्क्रीन होती. ‘सेव्ह’ आणि ‘क्लिअर ऑल’ ही बटणं शेजारी शेजारी, एकाच रंगाची. एका रात्री डेटा भरणाऱ्या एका मुलाने दिवसभराच्या नोंदी उडवल्या. क्लायंट चिडला. सकाळी रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : युजर एरर. उपायाच्या रकान्यात लिहिलं : युजर ट्रेनिंग. दोन मिनिटांत झालं. वरून ‘गुड, क्लिअर रिपोर्ट’ असा मेलही आला. त्या मुलाला महिनाभरात कामावरून कमी केलं. आणि ती स्क्रीन कुणी बनवली होती? मीच.

खोटं काहीच लिहिलं नव्हतं मी. बटण त्यानेच दाबलं होतं. त्यामुळेच ते इतकं सोपं गेलं. एनटीएसबीच्या माणसांसमोर दोन मृतदेह होते, बोट दाखवायला पायलट होता, तो उलट बोलायला जिवंत नव्हता, आणि तरी त्यांनी लिहिलं की आम्हाला ठरवता आलं नाही. मी माझा रिपोर्ट आठवून बराच वेळ स्क्रीन बंद करून बसलो होतो.

असो. गोष्टीकडे परत येऊ, कारण ती १९९६ ला संपत नाही.

आर-४४ म्हणजे चार सीटचं. पहिलं उड्डाण ३१ मार्च १९९०, प्रमाणपत्र १९९२ च्या शेवटी. हे आर-२२ पेक्षाही जास्त चाललं. जगात सगळ्यांत जास्त विकल्या जाणाऱ्या नागरी हेलिकॉप्टरांत त्याचं नाव वर्षानुवर्षं आहे. ब्रिटनच्या जेनिफर मरे यांनी १९९७ मध्ये सहवैमानिक क्वेंटिन स्मिथबरोबर आर-४४ ने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २००० मध्ये परत, या वेळी एकटीने. हेलिकॉप्टरने एकटीने जगाला फेरी मारणारी ती पहिली महिला. गिरणीच्या पट्ट्यावर! मला हे सांगताना आजही मजा येते.

पण आर-४४ च्या पेट्रोलच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या होत्या. आपटलं की फाटायच्या, पेट्रोल सांडायचं, पेट घ्यायचं. धडक फार जोराची नसतानाही, माणसं वाचू शकली असती अशा अपघातांत, आगीने जायची. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने सूचना काढली की आत रबरी पिशवीसारखी लवचिक टाकी बसवून घ्या. चांगला उपाय. फक्त आधीच विकलेल्या हेलिकॉप्टरांसाठी मुदत लांबची होती आणि खर्च मालकाचा. २१ मार्च २०१३ ला ऑस्ट्रेलियात बुलाय टॉप्सला एक जुन्या टाकीचं आर-४४ उतरताना झाडाला लागून खाली आलं, पेटलं, चौघे गेले. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने टाक्या बदलल्याशिवाय उडायचं नाही असा आदेश काढला. पॅच उपलब्ध होता हो. इन्स्टॉल करणं ऐच्छिक ठेवलेलं होतं.

न्यूझीलंड डोंगराळ देश, वारा विचित्र, आणि तिथे रॉबिन्सन हेलिकॉप्टरं भरपूर. तिथे मास्ट बम्पिंग थांबलंच नाही. २०१६ मध्ये तिथल्या अपघात तपास आयोगाने रॉबिन्सनला चक्क आपल्या काळजीच्या यादीत टाकलं आणि काही सरकारी खात्यांनी ती वापरणं थांबवलं. तिथले अपघात अनुभवी पायलटांचेही होते. म्हणजे ‘नवशिके आहेत, शिकवा’ हे उत्तर तिथे पुरेना.

मग २०१८. लॉस एंजेलिस टाइम्सने आकडे काढले : २००६ ते २०१६ या काळात अमेरिकेत आर-४४ चे दर एक लाख उड्डाण-तासांमागे १.६ जीवघेणे अपघात, बाकीच्या नागरी हेलिकॉप्टरांपेक्षा दीडपट. कंपनी म्हणाली, तुमचे उड्डाण-तासच चुकीचे धरलेत, प्रत्यक्षात आमची हेलिकॉप्टरं त्याहून जास्त उडतात. डेटावाल्या मित्रांनो, हा भाग तुमच्यासाठी. अपघात मोजता येतात, कारण ते पेपरात येतात. सुखरूप उतरलेले तास कुणी मोजत नाही, अंदाज करतात. छेदावरच भांडण आहे, त्यामुळे त्या १.६ वर मी छातीठोकपणे काही बोलणार नाही. पण न्यूझीलंडची सरकारी खाती छेद पाहून थांबली नव्हती.

फ्रँकने २०१० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, निवृत्ती घेतली. त्याच वर्षी पाच सीटचं, टर्बाइन इंजिनचं आर-६६ बाजारात यायला मान्यता मिळाली. मुलगा कर्ट रॉबिन्सन प्रमुख झाला. १२ नोव्हेंबर २०२२ ला फ्रँक गेला, वय ९२. तोवर त्याच्या कारखान्यातून १३ हजारांहून जास्त हेलिकॉप्टरं बाहेर पडली होती.

आणि २०२३ मध्ये एक छोटी गोष्ट झाली. फारशी बातमीही झाली नाही.

रॉबिन्सनच्या शेपटीला टोकाशी एक आडवा पंख असतो, स्टॅबिलायझर. १९७५ पासून तो एकाच बाजूला होता, उजव्या. नेहमीच्या उड्डाणात काही अडचण नाही. पण लो-जीच्या त्या क्षणी, हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडायला लागतं म्हणालो ना, त्या कलंडण्याला हा एकतर्फी पंखही हातभार लावतो. २०२३ मध्ये कंपनीने तो दोन्ही बाजूंना सारखा केला. नव्या हेलिकॉप्टरांवर आता तोच येतो. लो-जीमध्ये कलंडणं कमी झालं, वेगात असताना स्थिरता वाढली. मास्ट बम्पिंग पूर्ण अशक्य झालं का? नाही, सी-सॉ तो सी-सॉच. पण पायलटला काही क्षण जास्त मिळतात.

फोटो शेजारी ठेवून बघा, जुनी शेपटी आणि नवी शेपटी. मला पहिल्यांदा फरक शोधायलाच वेळ लागला. उजवीकडे होता तसाच एक तुकडा डावीकडे.

हे १९७५ मध्ये कळायला हवं होतं का? मला नाही वाटत. तेव्हाची साधनं बघता कुणाच्या डोक्यात आलं नसतं तर मी दोष देणार नाही. १९९६ मध्ये, अहवाल हातात आल्यावर? तिथे माझं मत फ्रँकच्या विरोधात जातं. प्रशिक्षणाने अपघात कमी झाले आणि त्यामुळेच शेपटीकडे परत बघायची घाई कुणालाच उरली नाही, असं मला वाटतं. प्रमाणपत्र मिळालेल्या डिझाइनला हात लावायचा म्हणजे परत टेस्टिंग, परत कागद, शिवाय ‘बदललंत म्हणजे आधी चुकीचं होतं ना’ म्हणून कोर्टात उभा राहणारा वकील. अमेरिकेत ही भीती खरी असते. कारणं समजतात मला. पटत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मग एवढं महागडं सुरक्षित हेलिकॉप्टर बनवलं असतं तर? तर ते शिकणाऱ्यांना परवडलंच नसतं. आज जगभरात रुग्ण उचलणारे, पुरातून माणसं काढणारे कितीतरी पायलट पहिले तास आर-२२ मध्येच शिकलेत. तेही त्याच हिशोबात धरावं लागतं, दुसऱ्या बाजूला. मी दोन्ही रकाने लिहून बघितले. बेरीज करायला गेलो की दर वेळी वेगळी येते.

कंपनी आता पुढे गेलीये. २०२४ पासून प्रमुखपदी पहिल्यांदाच रॉबिन्सन आडनावाचा माणूस नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांनी आर-८८ जाहीर केलं, दहा सीटचं, त्यांच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं. त्यावर कधीतरी वेगळं बोलू, आधी ते उडू तर दे.

हां, आणि ती स्क्रीन. नोकरी सोडायच्या आधी मी ‘क्लिअर ऑल’ बटण उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, लाल केलं आणि ‘नक्की का?’ असा डबा टाकला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता.

तुमच्या कामात असा एखादा ‘युजर एरर’ असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. कंपनीचं नाव नको, फक्त काय झालं ते. पुढच्या भागात निवडक ऐकवतो. चला, भेटू.